खिळ्यावरचा पंखा

शेडमधल्या कामाला हात घातला की माई आधी दोऱ्याचं रीळ शोधायची. पाना, पकड, सोल्डरची कांडी, सगळं त्यानंतर. याला कारण यजमानांचे डोळे. लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांना जन्मापासून दिसत नव्हता. दोन्ही रंग त्यांना सुकलेल्या मातीसारखेच. आणि हौस कसली, तर मोटारीच्या तारा जोडायची. म्हणून माई प्रत्येक तारेच्या टोकाशी जाड दोऱ्याच्या गाठी मारून ठेवी. बॅटरीकडून येणाऱ्या तारेला एक गाठ, अर्थिंगच्या तारेला दोन, पंख्याच्या तारेला तीन. यजमान डोळे मिटून जपाचे मणी ओढावेत तशा त्या गाठी चाचपत आणि तार नेमकी जागेवर बसवत. "डोळस माणसं चुकतात तिथं मी डोळे मिटून चुकत नाही," असं वर लोखंडी भाग कातून देणाऱ्या लेथवाल्या मित्राला ऐटीत सांगत. रात्र रात्र बसून गाठी कोण मारतं, ते लेथवाल्याला ठाऊक होतं. तो नुसता मिशीत हसे.

माई पूर्वी मोटारींच्या तारांचे जुडगे बांधणाऱ्या कारखान्यात होती. माई हे नावही तिथल्या बायकांनी पाडलेलं. कुणी चिडलं, रडलं, की तिच्या बाकाशी येऊन बसायचं. ती काही बोलायची नाही, हातातलं काम तेवढं वाटून द्यायची. पुढे नोकरी सुटली, नाव राहिलं.

गाडी होती सुट्या भागांची. लाकडी पेट्या येतात, त्यांत सांगाडा, इंजीन, पत्रे, काचा, नट-बोल्टांच्या पिशव्या. आणि गाडी आपली आपण घरी जोडायची. पेट्या आल्या तेव्हा लेक शाळेत होती. बापलेकींनी मिळून पहिली पेटी उघडली आणि त्या दिवसापासून शेडमध्ये दोघांचंच राज्य सुरू झालं. जेवायला हाका मारून माईचा घसा बसायचा. गाडी दोघंच बसतील एवढी, बुटकी, लांब नाकाची. मात्र त्या नाकाचं तोंड इतकं चिमुकलं, की आतल्या रेडिएटरला वारा मिळायची मारामार. लेक म्हणायची, "बाबा, हिला कायमची सर्दी झालीय."

मग लेक मोठी झाली आणि डोंगरापलीकडच्या शहरात तिला नोकरी लागली. गाडी अर्धी टाकून ती निघाली, त्या सकाळी बापलेकींचं वाजलं. यजमान रागाच्या भरात बोलून गेले, "आता ही गाडी तुला न्यायला येईल, तेव्हाच या घरात पाऊल टाक." लेक त्यांच्याच मुशीतली. म्हणाली, "बरं. गाडी आल्याशिवाय येणार नाही. आणि तुम्हीही दुसऱ्या कशाने येऊ नका."

माई दोघांच्या मध्ये हात पुसायचं फडकं घेऊन उभी होती. लेकीची बॅग दाराबाहेर गेली, तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की या घरात सकाळी बोलायचं ते सगळं बोलून झालं. ही दोघं पुन्हा एका टेबलाशी बसून जेवत नाहीत तोवर, रोज उठल्यापासून दुपार होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ते व्रत तिने तापातही मोडलं नाही. दाराशी पाहुणा आला तर हसून बसायला सांगायची, खुणेने. शेडमध्ये काम असलं तर पान्याने पत्र्यावर ठोकायची. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"अर्धा दिवस बायको गप्प," यजमान म्हणत. "हे सुख राजालाही नाही."

"वहिनी, एकदा आमच्या हिचीही शिकवणी घ्या," लेथवाला म्हणे.

माई पत्र्यावर दोन ठोके देई.

अधूनमधून ती दुपारच्या बसने लेकीकडे जाऊन येत असे. यजमान विचारत नसत, ती सांगत नसे. तिच्या पिशवीत मात्र लेकीच्या आवडीच्या बिस्किटांचा पुडा कुणीतरी आधीच ठेवलेला असायचा.

या वर्षी गाडी उभी राहिली. आणि त्याच सुमारास लेकीचा फोन आला, की तिची बदली झालीय, समुद्रापलीकडे, जाण्याआधी एक रविवार तेवढा मोकळा आहे. "बाबांना म्हणावं, जेवायला वाट बघते. गाडी घेऊनच या." माईने निरोप सांगितला तेव्हा यजमान बॉनेटखाली वाकलेले होते. बराच वेळ ते वर आलेच नाहीत. मग म्हणाले, "नळी गळतेय जरा," आणि बाहीने डोळे पुसले.

गाडी रस्त्यावर काढून पाहिली, आणि तिथंच घोडं अडलं. घाटाच्या पहिल्याच चढाला तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. रेडिएटरच्या मागे दोन पंखे होते, पण त्यांचा जीव पुरेना. त्यातल्या एकाचं पातं कधीकाळी बाकावरून पडून टोकाला वाकलं होतं. फिरताना ते प्रत्येक फेरीला कडेच्या पत्र्याला घासायचं आणि टिक्-टिक् असा आवाज करायचं. गाडी वळवून दोघं घरी आली.

"तिसरा पंखा लावू," यजमान म्हणाले. "पुढच्या बाजूने. मागचे दोन वारा ओढतील, पुढचा ढकलेल."

"पुढं जागा आहे का?"

"जागा करायची असते, बाईसाहेब. लेथवाल्याकडून ब्रॅकेट करून आणतो."

ब्रॅकेटच्या मापासाठी यजमान लेथवाल्याकडे गेले, त्या सकाळी माई शेडमध्ये एकटी होती. नवा पंखा बाकावर, रिले आणि फ्यूज एका वाटीत, तारा मापाने कापून ठेवलेल्या. ती तारांना गाठी मारत होती. दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. शेजारच्या गल्लीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

गाडीतले पंखे सुरू झाले.

माई दचकली नाही. हे पंखे थेट बॅटरीवर होते. चावी काढली तरी पाणी गार होईपर्यंत फिरायचे, तशीच जोडणी केली होती. तिला वाटलं, तापमानाचा स्विच चिकटला असेल. तिने उठून रेडिएटरला हात लावला. गार होता, रात्रभर बाहेर राहिलेल्या भांड्यासारखा. पंखे फिरतच होते, दोन्ही. त्यांत त्या वाकड्या पात्याची टिक्-टिक्.

मग सहज तिचं लक्ष डॅशबोर्डवर गेलं. तापमानाचा काटा वर चढत होता.

पंखे चावीशिवाय फिरतील. काटा फिरणार नाही. त्याची तार चावीतून जाते, आणि ती तार माईनेच बांधली होती. चावी यजमानांच्या खिशात होती, लेथवाल्याकडे. माईने खिडकीतून वाकून पाहिलं. काटा सावकाश चढला, एका जागी थांबला, थोडा उतरला, पुन्हा चढू लागला. या वेळी हळू, दम खात खात. अर्ध्याच्या वर गेला. लाल रेघेच्या जरा अलीकडे थरथरला. आणि तार तोडावी तसा एकदम शून्यावर पडला.

पंखे आणखी थोडा वेळ फिरले. टिक्-टिक् मंदावली, थांबली. गालिचा झटकणारं माणूस आत निघून गेलं होतं.

दुपार झाल्यावर माईने सगळं सांगितलं. यजमानांनी ऐकून घेतलं, कारण तारांच्या बाबतीत तिचा शब्द ते खाली पडू देत नसत.

"अर्थिंग कुठंतरी लागतंय," ते म्हणाले. "सेन्सरची तार सांगाड्याला टेकली तर काटा चढतो."

"चावीशिवाय?"

"मग चावीच्या मागे दोन तारा एकमेकींना चिकटल्या असतील. उंदरांनी खाल्लं असेल वरचं आवरण."

दोघांनी मिळून पूर्ण जुडगा उलगडला. उंदराचा दात कुठे नव्हता. एकही तार उघडी नव्हती. यजमानांनी मीटर लावून पाहिला. जिथे वीज नसायला हवी तिथे नव्हती.

"बघ," ते म्हणाले, "गाडी साधीसुधी आहे. तूच सकाळी तोंड मिटून बसतेस, मग डोकं चालत राहतं."

माईलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पंखे पुन्हा लागले. यजमान घरात दाढी करत होते. माईने पान्याने पत्रा बडवला, ते तोंडाला फेस लावूनच आले, तोवर काटा शून्यावर पडलेला. पंख्यांची शेवटची टिक्-टिक् तेवढी त्यांनी ऐकली. त्यांनी बॅटरीचं टोक काढलं आणि वळवून बाजूला ठेवलं.

"आता वीजच नाही," ते म्हणाले. "आता हे पंखे भुताच्या बापालाही फिरायचे नाहीत."

तिसऱ्या सकाळी माई शेडमध्ये गेलीच नाही. कपडे वाळत घातले, जिना झाडला, स्वयंपाकघरातले डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. जीव कशात लागेना. नामस्मरणाला बसली तर तेही एका ओळीवर अडून राहिलं. शेवटी ती उठून शेडच्या दाराशी गेली आणि तिला आतून तो आवाज आला.

बॅटरीचं टोक होतं तसंच बाजूला वळवलेलं होतं.

माई गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली आणि मग बाजूने मागे, जिथून वारा इंजिनावर येतो तिथे तिने हात धरला. वारा गरम होता. रेडिएटर गार आणि त्यातून येणारा वारा गरम. त्याला वास होता. पेट्रोलचा नव्हे, रबराचा नव्हे. तापलेल्या गवताचा, आणि दगडाच्या भुकटीचा.

तो वास तिच्या ओळखीचा होता. घाटात पहिला चढ संपला की दगडाची खाण लागते. तिथे रस्ता जरा सपाट होतो, बसचा ड्रायव्हर गिअर बदलतो, आणि खिडकीतून ही भुकटी आत येते. सगळ्या बायका तोंडाला पदर लावतात.

ती डॅशबोर्डकडे गेली. काटा थांबला होता, थोडा उतरत होता. खाणीपाशी उतरेल तसा. मग लांब चढ सुरू झाला. माईने तो चढ बसमध्ये बसून इतक्या वेळा चढला होता, की आता तिचं शरीरच सांगू लागलं: इथे झाडी संपते, इथे पाण्याची टाकी, इथे रस्ता अरुंद होतो. आणि पांढऱ्या कठड्याचं वळण. त्या वळणावर काटा पडला.

म्हणजे गाडी शेडमध्ये उभी होती आणि घाट चढत होती. आणि वळणाच्या पुढे जात नव्हती.

हे सांगताना माईला स्वतःचीच लाज वाटली. यजमानांनी चेष्टा केली नाही, तेच तिला जास्त लागलं. ते गाडीच्या नाकापाशी वाकून पंखे बघू लागले.

"तापून बंद पडत असेल तिथं," ते म्हणाले. जणू दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल बोलत होते. "वळणावर चढ सगळ्यांत कडक आहे. म्हणजे पंखाच कमी पडतोय. तिसरा लावला की सुटेल."

"बसने जाऊ या," माई म्हणाली.

"ती काय म्हणाली होती?"

"ते तेव्हाचं. आता ती दार उघडेल हो, कशानेही गेलो तरी."

"ती उघडेल गं," यजमान म्हणाले. "मला आत जाता येणार नाही."

मग दोघांनी झपाटल्यासारखं काम केलं. लेथवाल्याने ब्रॅकेट आणून दिलं, आणि बसवायलाही थांबला. तिसरा पंखा रेडिएटरच्या पुढे लागला. त्याला वेगळा फ्यूज, वेगळा रिले. वाकड्या पात्याचा जुना पंखा माईने काढायला लावला. त्याच्या जागी नवा आणला. जुना फेकवेना म्हणून यजमानांनी तो दाराशेजारच्या भिंतीला, एका मोठ्या खिळ्याला अडकवला. "पेन्शनीत काढला," असं लेथवाल्याला सांगितलं.

सगळं जोडून झाल्यावर माईने रिळाचा दोरा गाडीच्या तोंडासमोर धरला. वारा बरोबर असेल तर दोरा आत ओढला जायला हवा. दोरा उलटा तिच्याच छातीकडे आला. पुढचा पंखा वारा बाहेर फेकत होता.

"दादा, गाडी शिंकतेय," लेथवाला म्हणाला.

चूक यजमानांची होती. गाठी त्यांनी बरोबर मोजल्या होत्या. पण पुढचा पंखा उलट्या तोंडाने बसतो म्हणून त्यांनी मनातल्या मनात डावं-उजवं फिरवलं, आणि त्याच भरात तारांचंही फिरवलं. तारा बदलल्या. दोरा आत गेला, ताणून राहिला. तीन पंख्यांचा आवाज एवढा मोठा झाला, की लेथवाल्याने काय विचारलं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

त्या दिवशी रात्री माईला जरा झोप लागली.

सकाळी ती स्वतःहून शेडमध्ये गेली. दाराजवळच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवून. बॅटरीचं टोक रात्रीच पुन्हा काढून ठेवलं होतं. काटा चढू लागला. पण या वेळी तो फारसा वर गेला नाही. खाणीपाशी उतरला, लांब चढाला अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. माईचा श्वास मोकळा झाला. पाणी गार होतं. गाडी तापत नव्हती.

पांढऱ्या कठड्याच्या वळणावर काटा शून्यावर पडला.

म्हणजे तापण्याचा प्रश्न नव्हताच.

आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ती मघापासून काय ऐकतेय. टिक्-टिक्. टिक्-टिक्. नव्या पंख्यांना तो आवाज नव्हता. तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. जुना पंखा खिळ्याला लटकत होता, त्याच्या तारेची टोकं हवेत, आणि पाती अगदी स्थिर. टिक्-टिक् गाडीतूनही येत नव्हती, भिंतीवरूनही येत नव्हती. ती नुसती शेडमध्ये होती.

दुपारी तिने एवढंच विचारलं, "रविवारी दुपारी निघू या का? उन्हं कलल्यावर?"

"तिने जेवायला बोलावलंय. आणि दुपारच्या उन्हात घाट? एवढी मेहनत कशाला केली मग?" यजमान म्हणाले. ते गाडी पुसत होते. चेहऱ्यावर असं काही होतं, की माईला पुढे बोलवेना. पहिली पेटी उघडली त्या दिवशी ते तसे दिसले होते.

रविवारी सकाळी दोघं निघाली. माईच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा होता आणि पुड्याखाली पाना. तिचं मौन होतं. एवढी वर्षं पाळलेलं व्रत, आणि आज त्याचा शेवटचा दिवस. जेवणाच्या टेबलाशी दोघं बसतील आणि ते आपोआप सुटेल. तोवर एक शब्द नाही. तिला वाटलं, इतक्या जवळ येऊन ते मोडलं तर ज्यासाठी धरलं तेच हातातून जाईल.

पहिला चढ गाडीने हसत काढला. यजमानांनी काट्यावर बोट टेकवलं. "बघितलंस? लोण्यासारखी चाललीय." खाण आली, भुकटी आली, काटा थोडा उतरला. लांब चढ लागला. तिन्ही पंखे सुरू झाले आणि सगळी गाडी घरघरू लागली. झाडी संपली. पाण्याची टाकी गेली. रस्ता अरुंद झाला.

पुढे उतारावर पोचलं की लेकीचं शहर दिसतं.

माईने पाना काढला आणि डॅशबोर्डच्या पत्र्यावर दोन ठोके दिले.

यजमान समोर बघत होते.

तिने पुन्हा दोन ठोके दिले, जोराने. पंख्यांच्या घरघरीत ते तिलाच ऐकू आले नाहीत. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला.

"घाबरू नकोस," ते ओरडून म्हणाले. "काटा बघ, कसा शहाण्यासारखा आहे."

पुढे पांढरा कठडा दिसू लागला.

"थांबा," माई म्हणाली.

मोठ्याने नाही. पण सकाळच्या वेळी तो आवाज यजमानांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी कडेला जाऊन उभी राहिली. त्यांनी चावी फिरवली, इंजीन थांबलं. पंखे फिरत राहिले.

"तू बोललीस?"

माईने मान डोलावली. मग, आता काय राहिलं आहे म्हणून, म्हणाली, "हो."

दोघं वळणाकडे बघत बसली. वळणावरून काही आलं नाही. ट्रक नाही, बस नाही, जनावर नाही. रस्ता रिकामा होता. वर एक पक्षी फिरत होता, तोही निघून गेला.

"काही नाही गं," यजमान हलकेच म्हणाले. "बघून येऊ या हवं तर."

दोघं चालत गेली. वळणाच्या मध्यावर कठडा तुटलेला होता. दोन माणसं आडवी झोपतील एवढी फट. तुटलेल्या दगडांच्या कडा आतून ताज्या होत्या.

"हा कधी तुटला? तू तर बसने येतेस."

माईने तुटक्या कडेवरून हात फिरवला. मागच्या खेपेला कठडा धड होता.

"आणि कुणाचं तरी तेल सांडलंय," यजमान म्हणाले. रस्त्यावरून फटीकडे एक ओला ओघळ गेला होता. "जुनं दिसतंय."

त्यांना तो मातीच्या रंगाचा दिसत होता. माईला तो हिरवा दिसत होता. रेडिएटरमध्ये तिनेच ओतलं होतं तसलं पाणी, हिरवंगार, आणि त्यावरून वाफ निघत होती. तिने वाकून बोट टेकवलं आणि लगेच उचललं. त्याला रेडिएटरच्या पाण्याचाच गोडसर वास होता.

यजमान फटीतून खाली वाकायला लागले. माईने त्यांची बाही धरली.

"नका बघू," ती म्हणाली. "लेक वाट बघतेय."

मागे त्यांच्या गाडीचे पंखे एकेक करून थांबले. आधी मागचे दोन, मग पुढचा. घाट एकदम शांत झाला.

आणि मग त्या शांततेत, कठड्याच्या खालून, झाडीतून, आवाज आला.

टिक्-टिक्. टिक्-टिक्.

यजमानांनी मान वळवली. ते तिच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आपला तो जुना पंखा घरीच आहे ना?"

"खिळ्याला," माई म्हणाली.

दोघं तशीच उभी राहिली. खालची टिक्-टिक् हळूहळू मंदावत गेली, आणि पाणी निवलं की थांबतो, तसा तो पंखा थांबला.